पॅनिक अटॅक आलेल्या माणसाजवळ थांबावे की त्याला दवाखान्यात न्यावे?

नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभ्या असलेल्या तिशीतल्या बाईला एकाएकी धडधडू लागते, घाम फुटतो, श्वास पुरेनासा होतो, हातांना मुंग्या येऊन बोटे आखडतात आणि ‘मी आता वाचत नाही’ असे ती सोबतच्या जावेला सांगू लागते. क्षणात घोळका जमतो. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवायला सांगतो, कोणी ‘आवो, वारं येऊ द्या की जरा’ म्हणत स्वतःच आणखी जवळ सरकतो, तर कोणी रिक्षा बोलवायला धावतो. सल्ले सगळेच देतात, पण निर्णय त्या जावेला घ्यावा लागतो. हा आढावा तिच्या जागी असणाऱ्या माणसासाठी आहे.

पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचा झटका, अचानक सुरू होतो, साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. भीतीमुळे माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि त्यातूनच चक्कर, ओठांभोवतीच्या व बोटांतल्या मुंग्या, हातांची आखड ही लक्षणे निर्माण होतात. ती लक्षणे पाहून माणूस आणखी घाबरतो, आणखी जोरात श्वास घेतो आणि चक्र चालूच राहते. पाहणाऱ्याला हे सारे फार भयंकर वाटते. उलट हृदयविकाराचा झटका आलेला माणूस, विशेषतः मधुमेही किंवा वयस्कर स्त्री, कधीकधी नुसता थकवा, मळमळ किंवा जबड्यातले दुखणे एवढेच सांगून गप्प बसलेला असतो. म्हणून प्रकार किती भयंकर दिसतो यावरून थांबायचे की न्यायचे हे ठरवणे धोक्याचे आहे. असेच पूर्वी झाले होते का आणि तेव्हा डॉक्टरांनी तपासून ते पॅनिक अटॅकच असल्याचे सांगितले होते का, हा प्रश्न आधी विचारावा.

थांबणे आणि नेणे

उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे आयुष्यातला पहिलाच असा प्रसंग असेल, तर दवाखान्यात नेणे हाच योग्य मार्ग आहे, मग माणूस तरुण आणि ठणठणीत का असेना. छातीत दाबल्यासारखे दुखणे, ते दुखणे हात, पाठ किंवा जबड्याकडे सरकणे, श्रम करताना त्रास सुरू होणे, शुद्ध हरपणे, ओठ निळसर पडणे, किंवा पंधरा-वीस मिनिटांनंतरही त्रासाला उतार नसणे, यांपैकी काहीही असेल तर पूर्वीचा अनुभव असलेल्या माणसालाही थांबवून ठेवू नये. अशा वेळी १०८ वर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा निःशुल्क आहे, आणि गर्दीत रिक्षा अडकण्यापेक्षा प्राणवायूची सोय असलेले वाहन येणे केव्हाही चांगले. भाऊसिंगजी रोडवरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीपीआर, हे सरकारी रुग्णालय शहराच्या मध्यभागीच आहे. तिथे किंवा अन्य कुठेही पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतण्याची घाई करू नये. हृदयाला इजा झाली आहे का हे सांगणारी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते आणि डॉक्टर थांबायला सांगत असतील तर त्याला कारण असते.

उत्तर ‘होय’ असेल आणि या वेळची लक्षणे नेहमीसारखीच असतील, तर माझे मत स्पष्टपणे थांबण्याच्या बाजूचे आहे. दर वेळी इस्पितळाकडे धाव घेतली की तपासण्या चांगल्या येतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण ‘वेळेवर नेले म्हणून वाचलो’ एवढीच शिकवण त्या माणसाच्या मनात पक्की होते. त्याच जागी थांबून झटका चढताना आणि उतरताना अनुभवला, तर तो आपोआप उतरतो हे त्याला स्वतः कळते. थांबणे म्हणजे गर्दीच्या मधोमध उभे राहणे नव्हे. रांगेतून चार पावले बाजूला, दुकानाच्या पायरीवर किंवा भिंतीला टेकून बसवावे आणि बघ्यांना हात जोडून पुढे पाठवावे. तिथून थेट घरी नेण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण आज रांग टाळली, उद्या केएमटीची बस, परवा लग्नाचे कार्यालय, असे करत माणूस घराबाहेर पडायचाच बंद होऊ शकतो. घरच्यांची माया यात बरेचदा नकळत भर घालते.

एक अपवाद इथेच नोंदवतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत गुलालाचे लोट उठतात. तिथे कोणाला श्वास लागला आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो दम्याचा त्रास समजावा. अशा माणसाला गुलालाबाहेर न्यावे, त्याचा इनहेलर शोधावा आणि मदत बोलवावी. त्याला श्वास मोजत बसवण्यात वेळ जातो.

हातात काय द्यावे

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. कमी झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा वाढवणे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण हाच त्रास दमा किंवा हृदयविकाराचा असेल तर प्राणवायू कमी पडून जिवावर बेतू शकते. शिवाय ज्यांना असे झटके वारंवार येतात त्यांच्यात वाढलेला कार्बन डायऑक्साइडच नवा झटका आणू शकतो. प्लास्टिकच्या पिशवीचा तर विचारही नको.

आजोबांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणे हा दुसरा घरगुती उपाय. ती हृदयाच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी असते. तिने रक्तदाब खाली येतो, नाडी वेगाने चालते, डोके ठणकते, म्हणजे आधीच धडधडीने घाबरलेल्या माणसाला भीतीचे आणखी एक कारण मिळते. अल्प्राझोलम या भीती शमवणाऱ्या गोळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोळी पोटात जाऊन पुरेसा परिणाम दाखवेपर्यंत बहुतेक झटके मुळातच ओसरू लागलेले असतात, पण श्रेय गोळीला जाते आणि खिशात गोळी नसेल तर बाहेर पडायचे नाही अशी सवय लागते. हे औषध सरकारी औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि औषध दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते, यावरूनच ते शेजाऱ्याने शेजाऱ्याला देण्याचे औषध नाही हे लक्षात यावे. त्या माणसाच्या स्वतःच्या डॉक्टरांनीच प्रसंगी घ्यायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम आणि थरथर सुटली असेल, तर मात्र साखर उतरल्याचा संशय आधी घ्यावा. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी. इतरांना ओला रुमाल हातात देणे पुरे. बेसावध माणसाच्या तोंडावर पाणी मारल्याने तो दचकतोच.

श्वास मोजणे आणि नजर बाहेर वळवणे

जवळ बसलेल्याने बोलावे काय, यातही दोन पद्धती आहेत. पहिलीत श्वासाची लय सावकाश केली जाते. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत ओठांतून बाहेर, आणि हे मोजणे सोबतच्याने स्वतः श्वास घेत, हलक्या आवाजात करावे. ‘मोठा श्वास घे’ असे सांगणे टाळावे, कारण तो माणूस आधीच नको तेवढा श्वास घेत असतो. श्वास सावकाश सोडण्यावर भर हवा.

दुसऱ्या पद्धतीत श्वासाचा विषयच काढला जात नाही. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव सांगायला लावतात. रंकाळ्याच्या काठावर असाल तर शालिनी पॅलेसचा मनोरा, भेळेची गाडी, कठड्याचा थंड दगड असे काहीही चालते. मोजताना चुकले तरी हरकत नाही.

बोटे आखडली असतील, मुंग्या असतील, तर पहिली पद्धत सरस ठरते, कारण ती मूळ कारणावरच काम करते. काही जणांना मात्र श्वासाकडे लक्ष गेले की गुदमरल्याची भावना वाढते. दोन-तीन वेळा मोजूनही अस्वस्थता वाढत असेल तर हट्ट न करता दुसरीकडे वळावे. कोणतीही पद्धत घेतली तरी ‘काही झालेले नाही, शांत हो’ हे वाक्य टाळावे. त्या माणसाला काहीतरी खरोखर होत असते. ‘हा मागच्यासारखाच झटका आहे, आत्ता चढतोय, थोड्या वेळाने उतरेल, मी इथेच आहे’ असे म्हणावे. पाठीवर हात ठेवण्याआधी विचारावे.

नंतर कोणाकडे जावे

झटके पुन्हा येत असतील किंवा पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस जागा टाळू लागला असेल, तर उपचार घ्यावेत. आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हृदयाच्या ठोक्यांची तपासणी करून घ्यावी, कारण या दोन्हींतले बिघाड असेच भासतात. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाची औषधे आणि समुपदेशकाकडची वर्तन-विचार उपचारपद्धती हे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही गुणकारी आहेत. रोजची औषधे लागू पडायला काही आठवडे जातात व ती बरे वाटल्यावरही अनेक महिने चालू ठेवावी लागतात. दुसऱ्या मार्गाला दर आठवड्याची फेरी आणि घरचा सराव लागतो, पण तिथे शिकलेले हाताशी राहते. झटके कधीतरी येत असतील तर मी दुसरा मार्ग आधी सुचवेन. झोप, जेवण आणि कामच विस्कटले असेल तर औषधांना उशीर करू नये.

मानसोपचाराच्या दारात कोणी ओळखीचे भेटेल या संकोचाने पाऊल अडत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे आणि मराठीतून बोलता येते. सोबत असणाऱ्यालाही तिथे फोन करता येतो. फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत सांगण्यासाठी झटका किती वाजता सुरू झाला, किती मिनिटांत उतरला, त्याआधी काय खाल्ले-प्यायले होते आणि कोणते औषध घेतले होते, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे.