नवी आवृत्ती की सुटी परिपत्रकं?

अमेरिकेतल्या एका राज्याच्या महामार्ग खात्यात डिझाइन मॅन्युअल (रस्ते कसे आखायचे याचं नियमपुस्तक) सांभाळणाऱ्याचा पेच: दर काही वर्षांनी पूर्ण नवी आवृत्ती काढावी, की बदल होईल तसं परिपत्रक?

मेहनतीत आवृत्ती जड जाते. समित्या, अभिप्राय, मंजुऱ्या. तोवर काही प्रकरणं शिळीही होतात. परिपत्रक झटपट निघतं.

खरी गोम वापरात आहे. परिपत्रकांची थप्पी साचली की रस्त्याकडेच्या कठड्याची उंची एका कागदावर, त्याच्या टोकाचा तपशील दुसऱ्यावर, आणि सल्लागाराकडे जुनीच पीडीएफ. ठेकेदाराशी वाद झाला की प्रश्न येतो: निविदेच्या तारखेला कोणता नियम लागू होता? पानावर सुधारणेची तारीख नसेल तर उत्तर शोधताना नाकी नऊ येतात. आवृत्तीत हा घोळ कमी.

मुदत मात्र बाहेरूनही येते. वाहतूक चिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीची ११वी आवृत्ती डिसेंबर २०२३मध्ये आली. ती स्वीकारायला राज्यांना २ वर्षं दिली गेली. तेवढ्यासाठी अख्खं मॅन्युअल उसवणं मला तरी पटत नाही.

माणसं मोजकी असतील तर परिपत्रकं काढा, पण वर्षातून एकदा ती मूळ मजकुरात घाला. बाहेरचे सल्लागार आणि मोठे ठेके भरपूर असतील तर ठरल्या तारखेची आवृत्तीच बरी. सुरक्षेचा तातडीचा बदल तेवढा परिपत्रकाने.