रास्पबेरी पाय की जुना मिनी पीसी?

घरचे सिनेमे जेलीफिनवर (साठवलेले व्हिडिओ टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर) आणि दिवे-पंखे होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवायचे, तर खाली लिनक्स कशावर बसवायचं? नुसते दिवे-पंखेच सांभाळायचे असतील तर रास्पबेरी पाय ५ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक भरपूर झाला. तळहाताएवढा, वीजही नाममात्र खातो. मात्र होम असिस्टंट सेन्सरच्या नोंदी सतत लिहीत राहतं. त्यात एसडी कार्ड झिजतं, म्हणून एसएसडी लावाच.

खरी गोची सिनेमांची. फाइल टीव्हीला जशीच्या तशी चालत असेल तर पायला फारसं काम नसतं. पण टीव्हीला फॉरमॅट झेपला नाही की व्हिडिओ चालता चालता बदलून द्यावा लागतो, आणि पाय ५ मध्ये हार्डवेअर एन्कोडरच (हे बदलायचं काम करणारं खास सर्किट) नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडखळतं. ऑफिसांतून निघालेल्या मिनी पीसीत इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर प्रोसेसर असला, तर क्विक सिंकमुळे (प्रोसेसरमधलीच व्हिडिओ बदलायची सोय) तो १०-बिट एचईव्हीसी हा जड व्हिडिओ फॉरमॅटसुद्धा सहज पचवतो. पायपेक्षा १० वॅट जास्त खातो असं धरलं, तरी महिन्याला साधारण ७ युनिट. एवढ्यासाठी काय जीव काढायचा! मी मिनी पीसीच घेईन.

वीज वारंवार जात असेल तर घरातला जुना लॅपटॉपही चालेल, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. (राउटरची सोय वेगळी करा.) झिगबीचा (सेन्सर बिनतारी जोडणारा) डोंगल मात्र कुठेही लावलात तरी एक्स्टेंशन वायरवर, यूएसबी ३ पोर्टपासून लांब ठेवा, नाहीतर सेन्सर मधूनच गायब होतात.