फवारणी पंप दुरुस्तीसाठी फौजींचं गॅरेज, दापोली-हर्णै रस्ता

मोहोरावर तुडतुडे दिसले की फवारणी लांबवून चालत नाही. नेमका तेव्हाच आमच्या एचटीपी फवारणी पंपाचा दाब गेला. एका दुकानाने अख्खी असेंब्लीच बदला म्हणून सांगितलं. माजी सैनिकाच्या या गॅरेजात निघालो तर शेजारी म्हणाला, "फौजी माणूस, डोकं सणकी. दुपारनंतर तर जाऊच नका." पुढचं त्याने अंगठा तोंडाकडे नेऊन सांगितलं.

मुद्दाम दुपारीच गेलो. फौजी कोरा चहा पीत होते. पंप खोलला, व्हॉल्व्हमधला कचरा काढला, झिजलेलं पॅकिंग माझ्या हातात ठेवलं आणि मगच नवं बसवलं. तासाभरात दाब आला.

तेवढ्या वेळात कारगिलचा विषय निघाला. १९९९ साली ते द्रासला होते. बंदूक घेऊन डोंगर चढले असतील, असं गाव धरून चालतं. पण ते ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेचे, तोफा आणि गाड्या चालू ठेवणारे. "मी तिथे क्लचप्लेटी बदलल्या," एवढंच म्हणाले. मी खोदत राहिलो तेव्हा कळलं: तोलोलिंगच्या डोंगरावर शत्रू बसलेला, खालचा श्रीनगर-लेह रस्ता त्याच्या नजरेत. ट्रक रात्री, दिवे न लावता चालायचे. त्यात एखादा बंद पडला की तो अंधारातच हलवायचा. १०,००० फुटांच्या वर हवा विरळ, इंजिन ओढत नाही, ते वेगळंच.

"पेन्शन आहे की, मजुरी कशाला घेता?" एका गिऱ्हाइकाने माझ्यादेखत विचारलं. अहो, जवानाला १५ वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते खरी, पण तेव्हा तो पस्तिशीत असतो नि पोरं शाळेत. फटाक्यांना दचकतात म्हणावं, तर गणपतीत माळ हेच लावतात. त्यांच्याबरोबरच्या एकाला मात्र झोपेचा त्रास आहे. तो ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, औषधं घेतो आणि बँकेत क्लार्कची नोकरीही नीट करतो. हे फौजींनी पान्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

लष्करी टापटीप बघायला जाल तर निराश व्हाल. पसारा इतका की १२ नंबरचा पाना आम्ही दोघांनी मिळून शोधला. फोनवर वेळ देत नाहीत, समक्षच जावं लागतं. मजुरी आधी सांगतात, यूपीआय चालतं. पंप, ग्रासकटर, दुचाकी घेतात. ट्रक-जीप नेऊ नका. "पुष्कळ केल्या," म्हणतात.