काकांच्या ट्रंकेतल्या पॉलिसी आणि त्या शोधून देणारी सर्व्हिस – माझा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आधी सर्व्हिस काय ते सांगतो, कारण आपल्याकडे फारशी कोणी ऐकलेली नसेल. पन्नास-पन्नास वर्षं जुन्या, हरवलेल्या विमा पॉलिसी शोधून काढणारी माणसं. अमेरिकेत याला इन्शुरन्स आर्किऑलॉजीच म्हणतात आणि जमिनीतलं प्रदूषण साफ करायचा पैसा उभा करायला तिचा सर्रास वापर होतो.

आमचा संबंध असा, की माझ्या काकांचं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, 1974 ते 1989. पुढे ते गावी आले, गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या अलीकडे. बिल्डिंग चुलतभावाकडे राहिली. ती विकायला काढली तर घेणाऱ्याच्या बँकेने माती तपासायला लावली आणि खाली पर्क निघालं, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट. हे पाण्यापेक्षा जड, त्यामुळे सांडलं की तळाला जाऊन बसतं आणि भूजलात वर्षानुवर्षं उतरत राहतं. त्या काळी सगळेच ते वापरायचे, पण 1980 च्या सुपरफंड कायद्यापासून (दूषित जागांच्या सफाईचा कायदा) तिकडे जबाबदारी मागच्या काळालाही लागू होते. खर्चाचा पहिला अंदाज ऐकूनच भावाची झोप उडाली.

तर मुद्दा हा की 1985 पर्यंतच्या तिकडच्या लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, बहुतेक ऑकरन्स बेसिसवर असायच्या, म्हणजे नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षीची पॉलिसी लागू, क्लेम चाळीस वर्षांनी आला तरी. 1973 च्या सुमारास त्यात प्रदूषण अचानक आणि अपघाताने झालं तरच पैसे असं कलम आलं, 1986 पासून तर प्रदूषण सरसकट वगळायला लागले. पण इंडियानात 1996 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायगर केसमध्ये, पेट्रोल पंपाच्या गळतीचं प्रकरण होतं ते, ही कलमं संदिग्ध आहेत म्हणून विमा कंपनीच्या विरोधात वाचली. हे सगळं मला या पॉलिसी शोधणाऱ्या कंपनीच्या बाईंनी पहिल्याच कॉलवर समजावलं, रात्री साडेनऊला, आमच्याकडे लाईट गेलेली, मी अंगणात मोबाईल घेऊन उभा.

काकांच्या विमा कंपनीने आधीच हात वर केलेले, आमच्याकडे रेकॉर्डच नाही म्हणून. बाई म्हणाल्या पॉलिसीच पाहिजे असं नाही, चेकची अर्धुकं, एजंटचं पत्र, भाडेकराराला लावलेलं विम्याचं सर्टिफिकेट, हिशोबाची वही, काहीही शोधा.

काकांची ट्रंक माळ्यावर होती. नशीब बघा, आधी ती चिपळूणला बाजारपेठेतल्या त्यांच्या खोलीत होती आणि 2019 ला गावी आणली, नाहीतर 22 जुलै 2021 च्या पुरात गेलीच असती. उघडली तर डांबरगोळ्यांचा आणि ओलीचा वास, स्टेपलच्या पिना गंजून कागदाला तांबडे डाग, एक अख्खी फाईल वाळवीने आतून खाल्लेली, नुसतं पुठ्ठ्याचं कवच उरलेलं. पण डायऱ्या धड होत्या. काका हिशोब मराठीतच लिहायचे. 1977 च्या डायरीत मार्चच्या पानावर निळ्या शाईत, "दुकानाचा विमा भरला", खाली रक्कम, एजंटचं आडनाव आणि अकरा आकडी पॉलिसी नंबर. चेकच्या अर्धुकावर तीच रक्कम. मी खाली उतरून ते पान काकांना दाखवलं, ते बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

इथे या शोधणाऱ्या कंपनीचं काम मला मनापासून आवडलं. मराठी डायरी म्हणून त्यांनी बाजूला टाकली नाही. मी भाषांतर केलं, चिपळूणला नोटरी केली, त्यांनी तिकडे त्या एजंटचा धंदा पुढे कोणी घेतला ते शोधलं आणि त्याच्या गोदामातून त्याच नंबरचं रिन्यूअलचं पत्र काढलं. मग विमा कंपनीला मान्य करावंच लागलं. सगळं मिटलेलं नाही, त्यांनी हक्क राखून ठेवलेत, म्हणजे पुढे पैसे नाकारायची मोकळीक ठेवलीय, पण वकिलाचा आणि तपासणीच्या बोअरचा खर्च सध्या तेच देतायत. सफाईच्या खर्चाची बोलणी चालू आहेत.

एक स्टार का कापला? मधे पाच आठवडे काही कळवलंच नाही, मेलला उत्तर नाही, आणि त्या काळाचंही बिल तासावर लावलं. तुम्ही असं काही करणार असाल तर टप्प्याटप्प्याने फी ठरवून घ्या.

आमच्या शेजारचा भोई दादा हे सगळं ऐकून म्हणाला, "मग आमच्या खाडीला असा पैसा मिळल काय रे?" लोटे एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, मासळी मेलेली त्याने किती वेळा पाहिलीय. मी बाईंना विचारलं. त्या स्पष्ट म्हणाल्या की भारतातलं काम आम्ही घेत नाही, खोटी आशा लावणार नाही. ते मला पटलं. आपल्याकडे भोपाळनंतर 1991 ला पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा आला, तो मुख्यतः घातक रसायनांच्या अपघातात लोकांना झटपट मदत मिळावी म्हणून, प्रीमियमइतकीच रक्कम कारखान्याने पर्यावरण मदत निधीत भरायची. शिवाय आपल्या पॉलिसी बहुतेक क्लेम्स-मेड, म्हणजे दावा पॉलिसी चालू असताना यायला हवा, आणि हळूहळू झिरपणारं प्रदूषण त्यात सहसा बसत नाही. मग उरतो मालकाच्या खिशातून वसुलीचा रस्ता. राजस्थानात बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी जमीन-पाणी नासवलं, तिथे सुप्रीम कोर्टाने 1996 ला तोच निकाल दिला आणि पैशाचं भांडण 2011 पर्यंत चाललं. हे दादाला सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण त्याच्या खाडीचं नुकसान काकांच्या दुकानाखालच्या मातीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आता 1979 आणि 1981 च्या डायऱ्या सापडायच्यात. त्या वर्षांच्या पॉलिसी वेगळ्या कंपनीच्या असाव्यात असं बाईंना वाटतंय. पाऊस लागायच्या आत माळा परत उपसणार आहे.