ओझचा जादूगार: चांदीचं राजकारण की पोरांची गोष्ट?

एल. फ्रँक बॉमचं हे पुस्तक १९०० सालचं, आणि ते वाचायचे दोन प्रकार आहेत. पहिला, म्हणजे गोष्टीत तेव्हाचं अमेरिकी राजकारण लपलंय असं धरून वाचायचा, हेन्री लिटलफील्ड नावाच्या शाळामास्तराने १९६४ मध्ये मांडला. गोष्टीतलं बुजगावणं म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस म्हणजे कारखान्यातला कामगार आणि भित्रा सिंह म्हणजे १८९६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तेव्हा अमेरिकेत डॉलर सोन्याला बांधलेला, पैसा कमी, शेतमालाचे भाव पडलेले आणि कर्ज मात्र तेवढंच, म्हणून ब्रायनची मागणी होती की चांदीचीही नाणी १६ ला १ भावाने (१६ भार चांदी म्हणजे १ भार सोनं) हवी तेवढी पाडू द्या, म्हणजे पैसा वाढेल आणि भाव चढतील. आता बघा, गोष्टीतली मुलगी डोरोथी पिवळ्या विटांच्या म्हणजे सोन्याच्या रस्त्यावर चालते आणि पायात चांदीचे बूट! (लाल बूट १९३९ च्या सिनेमातले, त्यामुळे नुसता सिनेमा बघितला तर हा सगळा मसाला हातातून जातो.)

दुसरा प्रकार साधा, पोरांना मजा यावी म्हणून लिहिलेली गोष्ट. प्रस्तावनेत बॉम स्वतः तेच म्हणतो, वर १८९६ मध्ये त्याने ब्रायनच्या विरोधातल्या मॅकिन्लेच्या बाजूने कविता छापलेली, आणि बॉम ब्रायनच्या चळवळीचा समर्थक होता याला आधार नाही हे पुढे खुद्द लिटलफील्डनेच मान्य केलं.

लेखकाच्या मनात काय होतं एवढंच बघायचं तर दुसराच प्रकार बरोबर वाटतो. पण वर्गात भाव पडणं आणि त्यामुळे कर्जाचा बोजा फुगणं शिकवायचं असेल तर मी डोळे झाकून पहिला घेईन, कारण नुसतं सुवर्णमान (म्हणजे चलन सोन्याला बांधणं) म्हटलं की मागचा बाक झोपतो.