कान्ह्याहून परतल्यावर आलेली वनगुन्ह्याची नोटीस

व्याघ्रप्रकल्पांचे नियम बदलले की पर्यटकाला ते अर्धवट कळतात आणि ठगाला पूर्ण कळतात, असे आमच्या घरी जे घडले त्यावरून म्हणावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 17 नोव्हेंबर 2025 रोजी कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पासंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना रात्रीचे व्याघ्रपर्यटन बंद करण्याचे आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागांत मोबाइल वापरू न देण्याचे निर्देश दिले. ‘जंगलात मोबाइलला बंदी’ एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. बंदी मोडल्यास कारवाई कोण करतो, कोणावर करतो आणि त्याचा कागद कसा असतो, हे विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही. नेमक्या याच अज्ञानाचा फायदा घेऊन एका टोळीने माझ्या यजमानांकडून 41,000 रुपये उकळले. इंदूरहून दरवर्षी शेकडो मराठी कुटुंबे कान्हा, पेंच, सातपुडा या जंगलांत जातात, म्हणून सर्व तपशील लिहीत आहे.

आम्ही लोकमान्य नगरात राहतो आणि यजमानांचे राजवाड्याजवळ चष्म्याचे दुकान आहे. हिवाळ्यात आम्ही दोघे, माझे दीर, जाऊबाई आणि पुतण्या असे ओव्हरनाइट एक्स्प्रेसने जबलपूरला जाऊन तिथून गाडीने कान्ह्याला गेलो. मुक्की गेटवर परवान्यावरील प्रत्येक नाव मूळ ओळखपत्राशी ताडून पाहिले गेले, आणि मार्गदर्शकाने आम्हां सर्वांचे मोबाइल बंद करून पिशवीत ठेवायला लावले. पुतण्याकडे साधा कॅमेरा होता. बारशिंग्यांचा कळप आणि रस्ता ओलांडणारी एक वाघीण त्याने त्याच कॅमेऱ्याने टिपली. जंगलात आमच्या हातून कोणताही नियम मोडला गेला नव्हता, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

फेरी मंगळवारी दुपारची होती. पुतण्याने बुधवारी संध्याकाळी वाघिणीचे रील इन्स्टाग्रामवर टाकले, खाली ‘मुक्की गेट, कान्हा’ असे लिहिले आणि हौसेने परवान्याचा फोटोही जोडला, ज्यावर आम्हां पाचही जणांची नावे वाचता येत होती. यजमानांचा दूरध्वनी क्रमांक दुकानाच्या पाटीवर आणि गूगलच्या नकाशावर आहेच. नाव, गाव आणि आडनाव जुळवून दुकानापर्यंत पोहोचायला कोणालाही फारसा वेळ लागला नसता.

आठवड्याभराने दुकानात व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी गणवेशातील माणूस, त्याच्या मागे वाघाचे चित्र असलेली भिंत आणि टेबलावर छोटा तिरंगा. वन्यजीव अपराध नियंत्रण ब्यूरोच्या जबलपूर प्रादेशिक कार्यालयातून बोलत असल्याचे त्याने सांगितले. असे कार्यालय जबलपूरला खरोखरच आहे, त्यामुळे यजमानांनी नाव तपासले तेव्हा त्यांचा विश्वास उलट वाढला. त्याला पाचही नावे, गेट आणि रीलमधील वाघिणीचे वर्णन तोंडपाठ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीनंतर गाभा क्षेत्रात मोबाइलने चित्रीकरण झाले आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 51 खाली किमान तीन वर्षांची कैद आहे आणि पथक इंदूरला निघाले आहे, असे तो एका दमात बोलून गेला. चित्रीकरण कॅमेऱ्याने झाले होते असे यजमानांनी सांगताच उत्तर आले, “वो आप कोर्ट में साबित कीजिएगा।” नंतर स्वर मऊ करून तो म्हणाला, “उमरेड का केस पढ़ा होगा आपने। हम बुज़ुर्गों को परेशान नहीं करना चाहते, कंपाउंडिंग करा लीजिए।” कंपाउंडिंग म्हणजे रक्कम भरून गुन्हा मिटवणे. फोन ठेवायचा नाही, दुकानाचे शटर अर्धे ओढून घ्यायचे आणि घरी कोणाशी बोलायचे नाही, अशी ताकीदही त्याने दिली.

मग व्हॉट्सॲपवर नोटीस आली. ती मी नंतर अनेकदा निरखून पाहिली आहे. वर राजमुद्रा, खाली तिरका जांभळा शिक्का, मध्ये गुन्हा क्रमांक, आणि इंग्रजी इतके बोजड की वाचणाऱ्याचे धैर्यच खचावे. पण गुन्ह्याचे ठिकाण ‘मुक्की गेट, जिल्हा सिवनी’ असे छापले होते. कान्हा मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत येते आणि मुक्की बालाघाटमध्ये आहे. सिवनी हा पेंचचा जिल्हा. गुन्ह्याची वेळ तर बुधवारची दुपार अशी दिली होती. मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते, म्हणजे नोटिशीप्रमाणे आम्ही बंद गेटातून आत गेलो होतो! रील ज्या दिवशी टाकले गेले, तोच दिवस त्याने गुन्ह्याचा दिवस धरला होता. वनखात्याच्या गेटवरील नोंदवहीशी त्याचा काहीही संबंध नव्हता, हे एवढ्या एका ओळीवरून कळत होते.

यजमानांनी प्रथम ‘तडजोडीचे’ 16,000 आणि नंतर कॅमेरा जप्त होऊ नये म्हणून ‘अनामत’ 25,000 रुपये यूपीआयने पाठवले. दोन्ही वेळा पडद्यावर सरकारी खात्याऐवजी एका किराणा दुकानासारखे नाव दिसत होते. विचारल्यावर ‘ट्रेझरी का नोडल अकाउंट’ असे सांगण्यात आले. उरलेल्या चौघांच्या नावाने आणखी 60,000 रुपये मागितले जात असतानाच पुतण्या दुकानात आला, “काका, हा कोण?” असे विचारून त्याने फोन हातातून घेतला, आणि समोरचा तत्क्षणी दिसेनासा झाला.

दिरांच्या वकील मित्रांनी त्या संध्याकाळी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक सफारीप्रेमीला ठाऊक असायला हवे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्राशी संबंधित गुन्ह्याला कलम 51 मध्ये किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद खरोखरच आहे. कलम 54 खाली काही गुन्हे रक्कम भरून मिटवता येतात, हेही खरे आहे. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, या रकमेची कमाल मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढवली. परंतु त्याच कलम 54 मध्ये असेही म्हटले आहे की ज्या गुन्ह्याला कलम 51 ने किमान कैद ठरवून दिली आहे, तो गुन्हा पैसे भरून मिटवता येत नाही. म्हणजे ‘तीन वर्षांची कैद’ आणि ‘कंपाउंडिंग’ या दोन गोष्टी एकाच गुन्ह्याबाबत सांगणारा माणूस कायद्यातील दोन खरी वाक्ये जोडून एक खोटे तयार करत असतो. आमच्या ठगाचे सारे कौशल्य यातच होते. त्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे शोधला तर खराच निघत असे.

प्रत्यक्ष कारवाई अशी नसते. जंगलात गुन्हा घडला तर वनरक्षक प्राथमिक अहवाल लिहितो, ज्याला आपल्याकडे सगळे ‘पीओआर काटना’ म्हणतात, आणि पुढील चौकशी रेंजर व त्यांचे वरिष्ठ करतात. ज्या उमरेडच्या नावाने यजमानांना घाबरवले गेले, तिथे 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना वेढले होते. त्या घटनेत जिप्सीचालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले, दंड झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाईची सुरुवात वाहन, चालक आणि मार्गदर्शक यांच्यापासून झाली, आणि तीही उघडपणे. आमच्या बाबतीत आमच्या जिप्सीचालकाला एक फोन केला असता तरी त्याच्यावर काहीच कारवाई नाही हे दोन मिनिटांत कळले असते. दुसऱ्या दिवशी तो केला, तेव्हा तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त घाबरला.

नोटिशीबद्दलही एक गोष्ट निश्चित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालील हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावले आहे. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटकेत ठेवण्याची तरतूद तर कोणत्याच कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’विषयी सावध केले होते, आणि तो कार्यक्रम यजमानांनी ऐकलाही होता. पण त्या इशाऱ्यात सीबीआय, कस्टम आणि अमली पदार्थांची पार्सले होती. वाघ आणि वनखाते या वेषात तोच प्रकार समोर आला, तेव्हा तो ओळखू आला नाही.

पुतण्याने फोन हिसकावल्याबरोबर 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही ती दिली. दुसऱ्या हप्त्यातील 22,000 रुपये पुढच्या खात्यात अडकवले गेले, बाकीचे तोवर काढून झाले होते. व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, खात्याच्या नावाचा स्क्रीनशॉट आणि ती नोटीस आम्ही पुसली नव्हती, त्यामुळे पोलिसांचे काम सोपे झाले. अडकलेली रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज केला आहे. परवान्याचा फोटो पुतण्याने काढून टाकला. यापुढे सफारीची चित्रे टाकताना परवाना, तारीख आणि गेट यांचा उल्लेख करायचा नाही, असे घरात ठरले आहे.

गेल्या पंधरवड्यात आणखी एक फोन आला. या वेळी स्वतःला सायबर सेलचा अधिकारी म्हणवणारा माणूस होता, त्याला आमचा तक्रार क्रमांक माहीत होता, आणि अडकलेले 22,000 रुपये मोकळे करण्यासाठी 2,200 रुपये ‘प्रोसेसिंग फी’ भरावी असे तो सांगत होता. तक्रार क्रमांक त्याच्यापर्यंत कसा पोहोचला, याचा लेखी खुलासा आम्ही पोलिसांकडे मागितला आहे. ज्यांनी अशी तक्रार नोंदवली असेल, त्यांना हा दुसरा फोन येण्याची शक्यता धरून चालावे.