इन्फ्रारेड शाई म्हणून यूव्ही शाई गळ्यात मारतात, सावध राहा

घरात फिरणाऱ्या रोबोटला वाट दाखवायला एप्रिलटॅग, म्हणजे कॅमेऱ्याने वाचायच्या छापील चौकोनी खुणा, उत्तम. मिशिगन विद्यापीठात तयार झालेली ही पद्धत फुकट आहे आणि साधा कॅमेरा चालतो. पण खोलीभर चिकटवलेले काळे-पांढरे चौकोन घरच्यांना खपत नाहीत. म्हणून अदृश्य शाई शोधायला लागलो. एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात होती: ‘इन्फ्रारेड शाई, ८५० नॅनोमीटरला दिसते, कुठल्याही इंकजेटमध्ये, कुठल्याही कागदावर चालते.’ (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप; ८५० म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश.) मागितलं तर नमुनाही घरपोच.

नमुना आला. सलग काळी पट्टी, डोळ्यांना बाकी काही नाही. इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याखाली ८५०चा दिवा लावला की पट्टीतून टॅग लख्ख वर येतो आणि सॉफ्टवेअर तो लगेच ओळखतं. एवढं पाहिल्यावर ऑर्डर कोण देणार नाही?

कार्ट्रिज आलं आणि त्यातून छापलेला कागद कॅमेऱ्याला कोराच दिसू लागला. विक्रेता म्हणाला, “सर, प्रिंटहेड क्लीन करा.” केलं. “कागद बदला.” बदलला. “दिवा कमी पडतोय.” तोही वाढवला. उत्तरं गोड, पण प्रत्येक वेळी उशिरा. ही टोलवाटोलवी कशासाठी चालली होती ते माल परत करायची मुदत संपल्यावर कळलं. त्यानंतर एकच वाक्य: “सील फोडलेलं कार्ट्रिज परत घेत नाही.” सील फोडल्याशिवाय शाई तपासायची कशी, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मग शाईचा थेंब कॉफी गाळायच्या फिल्टर पेपरवर टाकला. इन्फ्रारेडमध्ये काहीच नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाची टॉर्च मारली तर निळाशार चमकला. म्हणजे ही यूव्हीखाली चमकणारी साधी शाई, इन्फ्रारेडशी तिचा काही संबंध नाही. नेहमीच्या पांढऱ्या कागदावर तर तीही वाया, कारण कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनं त्याच टॉर्चखाली निळी चमकतात. निळ्यावर निळं, रोबोट वाचणार काय?

मग नमुना कसा चालला? भिंगाखाली धरला तेव्हा सगळी मेख उलगडली. पट्टीच्या काही भागात निळसर, गुलाबी आणि पिवळे ठिपके एकमेकांवर दाट बसवलेले, तर टॅगच्या आकारात निव्वळ काळी टोनर पावडर. डोळ्यांना दोन्ही काळंच. पण काळ्या टोनरमधला कार्बन इन्फ्रारेड शोषतो आणि तिन्ही रंग ते आरपार जाऊ देतात, म्हणून कॅमेऱ्याला टॅग तेवढा काळा आणि बाकीचा कागद उजळ दिसतो. नमुना साध्या कलर लेझर प्रिंटरवरचा होता! विकलेल्या शाईचा त्यात थेंबही नाही. ही युक्ती घरी फुकटात जमते, फक्त कुठे निव्वळ काळा आणि कुठे तीन रंगांचा काळा हे प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वेगळं ठेवता आलं पाहिजे.

त्यामुळे कुणी अदृश्य शाईचा नमुना म्हणून काळी किंवा गडद पट्टी पाठवली तर तिथेच थांबा. पांढऱ्या कागदावर छापून मागा. शाई कोणत्या तरंगलांबीला शोषते किंवा चमकते, हे लेखी घ्या. खरी इन्फ्रारेड शाई मिळते, पण पांढऱ्यावर तिचीही बहुधा हलकी छटा दिसते, त्यामुळे ‘शंभर टक्के अदृश्य’ म्हणणाऱ्याकडे पाणी मुरतंय असं समजा. माल आला की पहिल्याच दिवशी तपासा, आणि ‘हे करून बघा, ते करून बघा’ चालू असतानाच परतीची विनंती नोंदवून टाका. बोलणं नंतरही चालू ठेवता येतं.

ज्यांच्या गळ्यात हे कार्ट्रिज आधीच पडलंय त्यांनी ते प्रिंटरमध्ये वाळू देऊ नका, नोझल बुजतात. शाई वापरायचीच असेल तर यूव्हीखाली स्वतः न चमकणारा कागद आणि ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. ३९५वालीचा जांभळा उजेडच कॅमेऱ्यात भरतो. ३६५चा उजेड डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण इजा करू शकतो, तेव्हा यूव्ही अडवणारा चष्मा घालूनच कामाला लागा.